आधी थिनर विचारा

महाराष्ट्रात गणपतीच्या मखरासाठी वर्षानुवर्षं थर्मोकोल वापरलं गेलं. २०१८ साली राज्यात त्यावर बंदी आली, पण तोवर मखर करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. थर्मोकोलला पाण्यातला रंग खुशाल लावावा. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे मारला की मात्र त्याला भोकं पडतात. थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. विमानं, रणगाडे, जहाजं, मोटारी यांची सुटे भाग जोडून करायची जी मॉडेल्स मिळतात, त्यांचं प्लॅस्टिकही बहुतांशी पॉलिस्टायरीनच असतं. थर्मोकोलचे कप्पे अतिशय पातळ, म्हणून नुकसान क्षणात दिसतं. मॉडेलचा भाग भरीव असतो, म्हणून तेच नुकसान कधी पंखावरच्या केसाएवढ्या रेषा पुसट करून थांबतं, तर कधी आतल्या आत बारीक तडे तयार करून ठेवतं आणि पुढे केव्हातरी तो भाग हातात तुटून येतो. मॉडेलचे रंग आणि व्हार्निश कसे निवडावेत ही चर्चा इथून सुरू व्हायला हवी. सहसा ती इथून सुरू होत नाही.

ती सुरू होते कंपनीच्या नावापासून. अमुक कंपनीचा रंग घेतला तर व्हार्निशही तिचंच घ्या म्हणजे भांडण होणार नाही, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला. त्याहून थोडा जाणकार सल्ला रंगांचे तीन वर्ग पाडतो: ॲक्रिलिक, इनॅमल, लॅकर. माझं म्हणणं असं आहे की यातला पहिला सल्ला चुकीचा आहे आणि दुसरा अपुरा. एका रंगावर दुसरा चालेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: वरच्या रंगात द्रावक कोणता आहे, खालचा थर कोणत्या प्रक्रियेनं घट्ट झाला आहे, आणि त्याला घट्ट व्हायला किती वेळ मिळाला आहे. डबीवरच्या नावातून यातलं फारच थोडं कळतं.

जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाचंच उदाहरण घ्या. जगभरातल्या मॉडेलकारांचा या कंपनीवर भरवसा आहे आणि तो रास्तही आहे. पण तिच्या रंगांत एक्स-१ या क्रमांकाचा चकचकीत काळा ॲक्रिलिकमध्येही मिळतो आणि इनॅमलमध्येही. ॲक्रिलिकचं थिनर एक्स-२० ए, इनॅमलचं नुसतं एक्स-२०. त्या एका अक्षरामागे एकीकडे अल्कोहोल, पाणी आणि ग्लायकॉल ईथर यांचं मिश्रण आहे, तर दुसरीकडे खनिज तेलापासून आलेला द्रावक. याच कंपनीची एलपी ही लॅकरची वेगळी मालिका आहे. स्प्रेच्या डब्यांत टीएस पॉलिस्टायरीनसाठी, तर पीएस रेडिओवर चालणाऱ्या मोटारींच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट कवचांसाठी. पीएसचा द्रावक पॉलिकार्बोनेट धरून ठेवेल असा निवडलेला आहे. तो मॉडेलवर मारणं म्हणजे मॉडेल घालवणं. उलट टीएस पॉलिकार्बोनेटवर मारला तर कवच वाकताच पापुद्रे निघतात. एकाच कंपनीच्या एकाच फळीवर एकमेकांशी न जुळणाऱ्या इतक्या वस्तू असतील, तर कंपनी न बदलण्यानं काय साधणार? जीएसआय क्रिओसची गोष्ट वेगळी नाही. तिचा मिस्टर कलर हा लॅकर आहे आणि अ‍ॅक्विअस हॉबी कलर पाणी-अल्कोहोलातला ॲक्रिलिक. दोन्ही बाटल्या दिसायला बहिणी-बहिणी.

ॲक्रिलिक या वर्गाचं तर आणखी अवघड. स्पेनच्या व्हॅलेहो कंपनीचा मॉडेल कलर आणि तामियाची ॲक्रिलिक बाटली, दोन्हींवर ॲक्रिलिक लिहिलेलं असतं आणि दोन्ही पाण्यानं धुतले जातात. पण व्हॅलेहोत ॲक्रिलिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. तामियात राळ अल्कोहोल आणि ग्लायकॉल ईथर यांच्या आधारावर असते. त्यामुळे व्हॅलेहोत अल्कोहोल किंवा लॅकर थिनर घातलं की रंगाच्या गुठळ्या होतात आणि एअरब्रशची सुई जाम होते. तामियाचा रंग मात्र लॅकर थिनरमध्येही सुरेख पातळ होतो, बरेच जण मुद्दाम तसाच वापरतात. याच कारणामुळे तामियाच्या ॲक्रिलिकवर कुंचल्यानं दुसरा हात मारताना पहिला उचलला जातो: नव्या हातातलं अल्कोहोल जुन्या हाताला पुन्हा मऊ करतं. रंग वाईट म्हणून हे होत नाही, द्रावकाच्या स्वभावामुळे होतं.

द्रावकाचा हा स्वभाव मोजताही येतो. जोएल हिल्डेब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं विद्राव्यतेसाठी एक अंक सुचवला आणि १९६७ साली चार्ल्स हॅन्सन यांनी कोपनहेगनमधल्या आपल्या प्रबंधात त्याची तीन घटकांत फोड केली. रंगउद्योग आजही या अंकांचा आधार घेतो. ढोबळमानानं पाहिलं तर पॉलिस्टायरीनचा अंक साडेअठराच्या आसपास येतो. टोल्युइन १८.२, झायलीन १८, अ‍ॅसिटोन २० च्या जवळ. खिडक्या-दारांच्या ऑइल पेंटमध्ये घालतात ते मिनरल टर्पेंटाईन १६ च्या आसपास, आयसोप्रोपिल अल्कोहोल साडेतेवीस, आणि पाणी जवळजवळ ४८. अंक जितके जवळ तितका द्रावक प्लॅस्टिकमध्ये शिरतो. सगळं काही या एका अंकात मावत नाही, पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला तो पुरेसा आहे. पाणी आणि अल्कोहोल प्लॅस्टिकला काही करत नाहीत, त्यामुळे त्यातला रंग त्याला घट्ट धरतही नाही. म्हणून नखानं ओरखडला की तो निघतो आणि खाली अस्तराची गरज पडते. लॅकरमधले द्रावक प्लॅस्टिकचा अगदी वरचा थर किंचित मऊ करून त्यात रुततात, म्हणून लॅकरचं अस्तर इतकं पक्कं बसतं. लॅकरचा गुण आणि धोका यांचं मूळ एकच आहे.

मिनरल टर्पेंटाईनची जागा या मालिकेत अधांतरी आहे आणि तिथे अनेक जण फसतात. ते पॉलिस्टायरीन विरघळवत नाही, म्हणून निर्धोक मानलं जातं. पण प्लॅस्टिकवर ताण असेल तर असा मवाळ द्रावकही त्या ताणलेल्या जागी शिरतो आणि तडा मोकळा करतो. जपानच्या बांदाई कंपनीची गुंडम यंत्रमानवांची मॉडेल्स १९८० सालापासून निघतात. आताची मॉडेल्स गोंदाशिवाय दाबून बसवायची असतात, म्हणजे त्यांच्या खुंट्या आणि खोबणी कायम ताणाखाली. सांध्यांसाठी अनेकदा एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक वापरलेलं असतं आणि ते रंगवू नका असं कंपनीच बजावते. अशा कोऱ्या, जोडलेल्या भागावर रेषा उठवण्यासाठी इनॅमलचा पातळ वॉश सोडला, की तो खाचेतून वाहत थेट खुंटीपाशी पोचतो आणि काही वेळानं सांधा चिरतो. रंग लावणाऱ्याला वाटतं प्लॅस्टिक कच्चं होतं. प्लॅस्टिक ठीक होतं; आधी रंगाचा किंवा व्हार्निशचा अडसर घालायचा राहिला होता.

आता थर घट्ट कसा होतो ते पाहू. लॅकर नुसता वाळतो: द्रावक उडाला, राळ उरली. तोच द्रावक पुन्हा आला की तो पुन्हा विरघळतो, आज काय आणि पाच वर्षांनी काय. पाण्यातला ॲक्रिलिक कण जुळून घट्ट होतो. मग पाण्याला दाद देत नाही, पण अल्कोहोल आणि लॅकर थिनरला देतो. इनॅमल मात्र दोन टप्प्यांत घट्ट होतो. आधी टर्पेंटाईन उडतं आणि मग त्यातली अल्किड राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन रेणूला रेणू जोडत जाते. हे काम वरून खाली चालतं, म्हणून तापलेल्या दुधावर साय धरावी तसा वरचा थर आधी बनतो आणि खालचा अजून ओला असतो. अशा अर्ध्या कच्च्या थरावर लॅकर किंवा जोरकस द्रावकाचं व्हार्निश पडलं तर वरची साय फुगते. फुगलेल्या पापुद्र्याला आडवं पसरायला जागा नसते, मग तो वर उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. परदेशी अल्किड स्प्रेच्या बऱ्याच डब्यांवर एक चमत्कारिक वाटणारी सूचना छापलेली असते: दुसरा हात एका तासाच्या आत मारा, नाहीतर ४८ तासांनंतर. तासाच्या आत दोन्ही हात एकाच थरासारखे वागतात. ४८ तासांनंतर जाळं बऱ्यापैकी विणून झालेलं असतं. मधला काळ घातक. कंपनीनं स्वतः छापलेली ही सूचना मी माझ्या म्हणण्याचा सगळ्यात बळकट पुरावा मानतो. रंगाचं त्याच रंगाशी जुळणं जर घड्याळावर अवलंबून असेल, तर दोन वेगळे रंग जुळतात की नाही याचं कायमचं उत्तर कुठल्या तक्त्यात कसं असेल?

यातूनच तो सर्वमान्य क्रम येतो: खाली लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, सगळ्यात वर इनॅमल किंवा तैलरंग. कुठल्याही वरच्या थराचा द्रावक खालच्या थराला ओळखत नाही. चित्रकारांचा नियमही याच दिशेनं जातो. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक टिकत नाही.

एखादं मॉडेल मनाशी धरून हा क्रम तपासू. भारतीय हवाई दलात १९६३ साली दाखल झालेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेलं मिग-२१ घ्या. १९७१ च्या युद्धकाळातलं, बिनरंगी धातूच्या अंगाचं. धातूची झाक आणायला अल्क्लाड २ सारखे लॅकर वापरतात आणि त्यातल्या जास्त चकाकणाऱ्या छटांखाली चकचकीत काळं अस्तर लागतं. पहिली चूक इथेच होते. घरात असलेल्या इनॅमलच्या काळ्यानं अस्तर केलं आणि दुसऱ्या दिवशी स्पर्शाला कोरडं लागलं म्हणून अल्क्लाड मारलं, तर त्या काळ्यावर बारीक जाळी उमटते, आणि धातूच्या रंगाखाली जाळी लपत नाही, उलट उठून दिसते. तेच काळं अस्तर लॅकरचं असेल तर एका रात्रीत काम होतं. पुढे चक्र-चिन्हं आणि क्रमांक, म्हणजे डिकल्स. खडबडीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकून पांढुरकी चमक दिसते, म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत हवा. ही छटा मुळातच गुळगुळीत असल्यानं इथे वेगळ्या व्हार्निशची गरज कमी. डिकल मऊ करून खाचांत बसवणारी जी द्रावणं मिळतात, तीही द्रावकच आहेत हे विसरू नये. जोरकस द्रावण कोवळ्या ॲक्रिलिक रंगावर डाग पाडतं आणि त्याच द्रावणाचा जास्त डोस डिकललाच सुरकुतवतो. डिकल पूर्ण वाळल्यावर पाण्यातल्या ॲक्रिलिकचा पातळ चकचकीत हात, कारण त्याचा द्रावक ना खालच्या लॅकरला शिवतो ना डिकलच्या पापुद्र्याला. मग रेषांमध्ये तैलरंगाचा वॉश. चुकला तर टर्पेंटाईनच्या बोळ्यानं पुसता येतो आणि खालचं काही हलत नाही. शेवटी साऱ्या अंगावर मॅट व्हार्निश मारायचा मोह टाळावा. मॅट व्हार्निशमधली सिलिकाची पूड प्रकाश विखुरते आणि धातूची सगळी मेहनत करड्या रंगात बुडवते. कॉकपिटसमोरच्या चकाकीविरोधी काळ्या पट्ट्यापुरतं ते ठेवावं.

यावर पहिला आक्षेप अनुभवी हातांकडून येतो: आम्ही ॲक्रिलिकवर लॅकर व्हार्निश सर्रास मारतो, काही होत नाही. खरं आहे, आणि त्याचं कारण द्रावकाच्या प्रमाणात आहे. एअरब्रशनं लांबून, धुक्यासारखा हात मारला तर बराचसा द्रावक पृष्ठभागावर पोचायच्या आधीच हवेत उडालेला असतो. जो पोचतो तो खालच्या थरात शिरायच्या आत जातो. असे दोन-तीन कोरडे हात झाले की तेच पुढच्या ओल्या हाताला आडोसा होतात. म्हणजे नियम मोडलेला नसतो, द्रावकाचा डोस कमी केलेला असतो. हे समजून करणारा त्याच कौशल्यानं नवी जोडणीही जमवतो. न समजता नक्कल करणारा तेच व्हार्निश कुंचल्यानं लावतो आणि खालचा रंग कुंचल्याबरोबर येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतकी भानगडच कशाला, सगळंच पाण्यातलं वापरा. प्लॅस्टिक सुरक्षित, फुप्फुसंही सुरक्षित. दोन खोल्यांच्या घरात, लहान मुलं वावरत असताना, फवारणीला वेगळी जागा नसताना मीही हाच सल्ला देईन. टोल्युइन-झायलीनच्या वाफा हा चेष्टेचा विषय नाही. त्यांच्यासाठी खिडकीबाहेर हवा फेकणारा पंखा आणि सेंद्रिय वाफांचा मुखवटा दोन्ही लागतात, धुळीचा मास्क उपयोगाचा नाही. पण पाण्यातला म्हणजे निव्वळ पाणी नव्हे, त्यात ग्लायकॉल ईथर असू शकतात. आणि कोणताही रंग फवारला की त्याचे कण श्वासात जातातच. शिवाय पकड कमी, अस्तर अनिवार्य, घासून गुळगुळीत करायला अवघड, आणि एअरब्रशच्या टोकाशी रंग सुकून बसण्याची कटकट. कुंचल्यानं रंगवणाऱ्याला मात्र यातलं फारसं काही बाधत नाही. त्यानं पाण्यातला रंग आणि पाण्यातलंच व्हार्निश घ्यावं, यात शंका नको.

तिसरा आक्षेप म्हणतो की रसायनशास्त्र सोडा, टाकाऊ तुकड्यावर करून बघा. करून बघायलाच हवं. साच्यातून भाग ज्या दांड्यांना जोडलेले येतात त्या दांड्या यासाठी उत्तम, कारण प्लॅस्टिक तेच असतं. पण ही परीक्षा बहुतेक वेळा दहा मिनिटांत आटोपली जाते, आणि सुरकुत्या सोडल्या तर रंगाचे बहुतेक रोग दहा मिनिटांत दिसत नाहीत. ताणाखालचा तडा नंतर येतो, इनॅमल व्हार्निशचा पिवळेपणा वर्षांनी. शिवाय दांडीवरच्या रंगाचं वय मॉडेलवरच्या रंगाएवढंच हवं. महिनाभर वाळलेल्या तुकड्यावरचा निकाल कालच्या थराला लागू होत नाही. काय पाहायचं आणि किती थांबायचं हे रसायनशास्त्रच सांगतं.

नाव आणि आतला माल वेगवेगळे असू शकतात याचं ठळक उदाहरण जॉन्सन कंपनीच्या फरशीच्या पॉलिशनं घालून दिलं. अमेरिकेत फ्यूचर, ब्रिटनमध्ये क्लिअर या नावानं मिळणारं हे पातळ ॲक्रिलिक द्रव मॉडेलकारांचं लाडकं चकचकीत व्हार्निश होतं. पारदर्शक कॉकपिट त्यात बुडवून काढली की काचेसारखी होई, आणि चुकलं तर अमोनियानं सगळं धुऊन निघे. पुढे त्याची नावं बदलत गेली, ब्रिटनमधल्या बाटलीतला मालही बदलला, आणि जुन्या सवयीनं नवी बाटली घेणाऱ्यांची फसगत झाली.

आपल्याकडच्या वाचकासाठी दोन गोष्टी आणखी. पहिली हवा. लॅकरचा द्रावक झपाट्यानं उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो. हवेत दमटपणा जास्त असेल तर त्या थंड पृष्ठभागावर दव धरतं आणि पापुद्र्यात पांढुरकेपणा अडकतो. जुलैतल्या मुंबईत किंवा गोव्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणं नेहमीचंच. तिथे पावसाळ्यात लॅकरचं चकचकीत व्हार्निश मारायचं असेल तर सावकाश उडणारा द्रावक घातलेलं थिनर वापरावं, नाहीतर कोरड्या दिवसाची वाट पाहावी. मॅट व्हार्निश तर दमट दिवशी मारूच नये. तिथे पांढरेपणा आला की तो दमटपणाचा की तळाशी बसलेल्या सिलिकाचा हेही कळत नाही. डबा आधी भरपूर हलवावा, हे सांगायला सोपं आणि विसरायला त्याहून सोपं.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. लॅकरसारखा रंग हा ज्वालाग्राही माल, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याचा क्रमांक १२६३. त्यामुळे लॅकरच्या बाटल्या विमानानं साध्या टपालातून येत नाहीत आणि आल्या तर महाग पडतात. मग मॉडेलकार गॅरेजवाल्यांच्या ड्युको रंगाकडे आणि एनसी थिनरकडे वळतो. मी त्याला विरोध करणार नाही. पण मोटारीच्या पत्र्यासाठी बनवलेल्या थिनरला प्लॅस्टिकची पर्वा करायचं कारण नसतं. त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटेट आणि कीटोन कोणत्या प्रमाणात आहेत हे डब्यागणिक बदलू शकतं. एअरब्रश आणि कुंचले धुवायला ते फार चांगलं. रंग पातळ करायला वापरायचंच असेल तर प्रत्येक नव्या डब्याची दांडीवर परीक्षा घ्यावी आणि पहिले हात कोरडे मारावेत. १९३१ पासून मुंबईत रुजलेल्या कॅमलिनसारख्या कंपनीचे चित्रकलेचे ॲक्रिलिक सहज मिळतात, स्वस्त असतात आणि प्लॅस्टिकला अपाय करत नाहीत. ते कॅनव्हाससाठी घट्ट बनवलेले असतात, म्हणून लॅकरच्या अस्तरावर पातळ करून अनेक हातांत लावावे लागतात. सैनिकांच्या पुतळ्यांसाठी, मातीच्या देखाव्यासाठी ते उत्तम आहेत. विमानाच्या गुळगुळीत अंगासाठी मी ते सुचवणार नाही.

डब्यावर द्रावक लिहिलेला नसेल तर तो शोधायची वाट आहे. नामांकित कंपन्या आपल्या प्रत्येक रंगासाठी सुरक्षा माहितीपत्रक देतात. त्यात १६ भाग असतात. तिसऱ्या भागात घातक घटकांची नावं आणि त्यांचं अंदाजे प्रमाण दिलेलं असतं. तिथे टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटेट किंवा कीटोन दिसले तर तो लॅकर समजून तळाला वापरा. नॅफ्था किंवा व्हाइट स्पिरिट असा खनिज तेलापासून आलेला द्रावक दिसला तर वरच्या थरासाठी ठेवा. अल्कोहोल आणि ग्लायकॉल ईथर दिसले तर मधल्यासाठी. नव्या डबीच्या झाकणावर द्रावक आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवा, आणि जिथे हे माहितीपत्रक मागूनही मिळत नाही तो रंग मॉडेलसाठी विकत घेऊ नका.